बदली नावाची शेळी

माझा निरोपसमारंभ फार चांगला झाला. तो इतका चांगला झाला नसता, तर पुढचं सगळं इतकं अवघड गेलं नसतं.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी नेवासे तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, माहेर नगर शहरात. गावाला दिवसातून एकच एसटी, आणि तीही फाट्यावरून आत वळायची की नाही हे त्या दिवशीच्या ड्रायव्हरच्या मनावर. तीन वर्षं मी नगरजवळच्या शाळेवर बदली मागत होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि अचानक ती मंजूर झाल्याचं पत्र आलं.

आमचे हेडमास्तर पन्नाशी उलटलेले, धोतर-टोपीतले, अतिशय सज्जन गृहस्थ. बोलायला उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग विषय साक्षरतेचा असो की संडास बांधण्याचा. माझ्या निरोपाला ते पाऊण तास बोलले आणि त्यातली वीस मिनिटं रुमाल डोळ्यांनाच होता. सरपंचांनी स्टीलचा डबा दिला. शाळेनं साडी दिली. चौथीतली एक मुलगी रडायला लागली, ती बघून दुसरी, आणि मग अख्खा वर्ग एका सुरात रडला. मीही रडले. उभी राहून म्हणाले, "मी कुठंही गेले तरी या गावाला विसरणार नाही." टाळ्या पडल्या. त्या रात्री मी माझा स्टोव्ह, बादली, आरसा असं सगळं वाटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ट्रंक आणि वळकटी घेऊन नगरला ऑफिसात हजर झाले. तिथल्या कारकुनानं फाइल काढली, दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "ही ऑर्डर रद्द झाली की. तुमच्या शाळेला पत्र गेलंय. मिळालं नाही?"

ते पत्र आणि मी रस्त्यात कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेलो असणार.

आईनं तोवर सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं. दोन दिवस घरी तोंड लपवून काढले आणि तिसऱ्या दिवशी त्याच ट्रंकेसह परत निघाले. नेमकी त्या दिवशी एसटी शहाण्यासारखी थेट गावात आली. संध्याकाळचे पाच वाजलेले, पारावर निम्मं गाव बसलेलं. मी उतरले. कंडक्टरनं वरून ट्रंक सोडली. सरपंच उठून पुढं आले आणि काळजीनं म्हणाले, "काय बाई, काही राहिलं का?"

"हो," मी म्हणाले, "मीच राहिले."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी साडी आणि डबा पिशवीत घालून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. ते इतके ओशाळले की जणू ऑर्डर त्यांनीच रद्द केली होती. पिशवी माझ्याकडं सरकवत म्हणाले, "असू द्या हो बाई. पुढच्या खेपेला फक्त नारळ देऊ."

त्यानंतर मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. ताप नव्हता. रडूही येत नव्हतं. शाळेत जायचे, शिकवायचे, घरी येऊन खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. भाकरी थापायचा कंटाळा, केस विंचरायचा कंटाळा. आणि गावातलं प्रत्येक माणूस, अगदी मायेनं, एकच प्रश्न विचारायचं: "बाई, बदलीचं काय झालं?" पिठाच्या गिरणीवर, आडावर, वर्गाच्या खिडकीतून. शेवटी मी शाळेत जायला मागच्या घाणेरड्या बोळाची वाट धरली. तिथं विचारणारं कोणी नव्हतं, फक्त डुकरं होती.

माझ्या दोन मैत्रिणी होत्या, त्यांच्याबद्दल आता सांगायला हवं.

एक नर्सताई. मी राहायचे त्या घराला लागूनच दोन खोल्यांचं आरोग्य उपकेंद्र होतं, तिथं ती एकटी असायची. मूळची श्रीगोंद्याकडची, बौद्ध कुटुंबातली. वडील साखर कारखान्यात मजूर होते आणि पोरीला त्यांनी हट्टानं नर्सिंगला घातलं होतं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, उंच, आणि तिचं हसणं भिंतीतून ऐकू यायचं. तिच्या खोलीत बुद्धाची तसबीर, एक रॉकेलचा कंदील आणि कुटुंबनियोजनाची पोस्टरं, एवढाच संसार.

दुसरी आमच्या घरमालकांची सून. तिला मी वहिनी म्हणायचे. माझ्याच वयाची, पण दोन मुलांची आई. शाळा दुसरीत सुटलेली. पहाटे चारला उठून रात्री निजेपर्यंत तिचे हात थांबायचे नाहीत आणि सासूबाई आसपास नसल्या तर तोंडही नाही.

मी परत आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी दोघी माझ्या खोलीत आल्या. नर्सताईच्या हातात माझाच स्टोव्ह होता.

"घे तुझा," ती म्हणाली. "पिन मोडलीय, ती माझ्याकडनं."

मी भिंतीकडं तोंड केलं. तिनं मला खांद्याला धरून वळवलं, नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली, पापण्या खाली ओढल्या. मग वहिनींकडं वळून म्हणाली, "हिला काही झालेलं नाही. चहा कसा पितेस गं तू हल्ली?"

"कोरा," मी म्हणाले. आमच्या गावातलं सगळं दूध तेव्हा डेअरीला जायचं. पावशेर कोणाकडं मागायचं म्हणजे त्याच्या पोराच्या तोंडचं काढल्यासारखं वाटायचं.

"तरीच," वहिनी गंभीरपणानं म्हणाल्या. "कोरा च्या पिऊन मानूस असंच व्हतं. माझ्या मामाचं झाल्तं."

"मामांचं पुढं काय झालं?" नर्सताईनं विचारलं.

"दूध घालून दिला. मंग बरं झालं."

नर्सताईनं थोडा विचार केला आणि औषध लिहून द्यावं तसं म्हणाली, "शेळी घेऊ. सकाळ-संध्याकाळ."

मला वाटलं ती गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी जायचं, तिघींनी मिळून घ्यायची आणि वहिनींच्या गोठ्यात बांधायची, असं पंधरा मिनिटांत ठरलं. मी फक्त "मला जमणार नाही" एवढंच म्हणत होते, आणि त्या वाक्याकडं दोघींनी पाऊस पडत असताना कुत्र्याच्या भुंकण्याकडं द्यावं तेवढंच लक्ष दिलं.

अडचण होती वहिनींची. त्यांना घराबाहेर पडायचं तर माहेर किंवा शेत, तिसरी जागा माहीत नव्हती. नर्सताईनं सासूबाईंपुढं विषय काढला तेव्हा मी दाराआड उभी होते. सासूबाईंनी जात्यावरचा हात थांबवला, नर्सताईकडं बघितलं आणि मग मी लपले होते त्या दाराकडं.

"दोन शिकलेल्या बाया शेळी आनायला निघाल्या," त्या म्हणाल्या, "बोकड घेऊन येतील." मग सुनेकडं वळल्या. "जा गं तू."

मी किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. हेडमास्तरांनी सही केली, अर्जाची घडी घातली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "शेळीचे कान बघून घ्या हं." गावात काहीच लपून राहत नसे. कानात नेमकं काय बघायचं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मला आजतागायत कळलेलं नाही.

घोडेगावचा बाजार मी एसटीच्या खिडकीतून कितीदा तरी बघितला होता, आत कधी पाय ठेवला नव्हता. बैलांची शिंगं रंगवलेली, म्हशींच्या पाठी तेलानं चकाकणाऱ्या, धूळ इतकी की समोरचा माणूस आधी ऐकू येई आणि मग दिसे. व्यापारी उपरण्याखाली हातात हात घालून बोटांनी भाव करत होते. बघणाऱ्याला कळायचं नाही, फक्त दोघांचे चेहरे दिसायचे, एकाचा दुखावलेला आणि दुसऱ्याचा त्याहून दुखावलेला.

वहिनींनी डोक्यावरचा पदर इतका पुढं ओढला होता की त्यांना फक्त जनावरांचे पाय दिसत असतील. तरी त्याच सांगत होत्या. "ही म्हातारी हाय. हिच्या सडाला गाठ हाय. ही मारकी." एक पांढरी शेळी त्यांना पसंत पडली. व्यापाऱ्यानं सवयीनं उपरणं पुढं केलं, नर्सताईनं तितक्याच सहजपणे त्याखाली घालायला हात पुढं केला, आणि तो बिचारा विंचू दिसल्यासारखा मागं सरला.

"घाबरू नका," नर्सताई म्हणाली. "रोज बाळंतपणं करते मी. तुमच्या बोटांना काही होत नाही."

आजूबाजूचे पाच-सहा जण हसले. व्यापाऱ्यानं मोठ्यानं भाव सांगितला, तो सगळ्यांनी ऐकला, आणि दोघांनी तिथंच त्याला "एवढा न्हाई रं" म्हणून टोकलं. तोंडी भावात त्याची सगळी कलाच गेली. तो इतका नाराज झाला की शेळी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

तेव्हा लिंबाखाली बसलेल्या एका म्हातारीनं आम्हाला हाक मारली. तिच्याजवळ एक काळी शेळी होती, एक कान पांढरा, आणि पोटाशी महिन्याभराचं करडू. आम्ही शेळी बघायला गेलो, पण बघण्याचा कार्यक्रम आमचाच झाला.

"कोन पाळनार?" म्हातारीनं विचारलं.

"तिघी मिळून," नर्सताई म्हणाली.

"तिघींची शेळी उपाशी मरती. पानी कोन पाजनार?"

"मी पाजते," वहिनी म्हणाल्या.

"तुला सासू हाय का?"

"हाय."

"मंग बरं. सासू असल्यावर जनावर उपाशी राहत न्हाई. सून राहती."

वहिनींच्या पदराआडून खुसखुस ऐकू आली. म्हातारी माझ्याकडं वळली. "अन् ही का गप? आजारी हाय का?"

"हिच्यासाठीच घ्यायचीय," नर्सताई म्हणाली.

म्हातारी लेकीकडं कर्जतला राहायला निघाली होती. गावात आता तिचं कोणी उरलं नव्हतं. "जावई म्हनला, म्हातारी चालंल, शेळी नगं," असं तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. सकाळपासून दोन खाटकांना तिनं हाकललं होतं. आम्हाला तिनं त्यांच्यापेक्षा कमीत दिली, आणि दोर हातात देताना बजावलं, "गारठ्यात बांधू नका. अन् हिच्याशी बोलत जा. धार काढताना मानूस गप बसलं की ही पान्हा चोरती."

दोर तिनं माझ्याच हातात दिला होता. का, कोण जाणे.

मग आम्ही भजी खाल्ली. बाजारात बाकावर बसून परक्या माणसांदेखत खाण्याची वहिनींची पहिलीच वेळ. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या, पहिलं भजं पदराआड खाल्लं, दुसरं पदराबाहेर, आणि तिसऱ्याला वळून चक्क बाजाराकडं बघत बसल्या. "आत्याबाईंना सांगू नका," एवढंच सासूबाईंच्या धाकानं म्हणाल्या आणि आणखी एक पुडी मागवली. मलाही भूक लागली होती. कित्येक दिवसांनी लागली होती, त्यामुळं आधी मला ती पोटदुखीच वाटली.

परतीच्या एसटीच्या दारात कंडक्टरनं हात आडवा धरला. "शेळीचं तिकीट न्हाई. अन् तिकीट न्हाई त्याला जागा न्हाई."

"मग तिकीट द्या," नर्सताई म्हणाली.

"शेळीचं तिकीटच न्हाई छापलेलं."

"यात शेळीचा काय दोष?"

यावर गाडीत दोन पक्ष पडले. पुढच्या बाकावरचे म्हणाले वास येईल. मागच्या बाकावरचे एक आजोबा शेजारच्या झोपलेल्या लठ्ठ पाहुण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बसू द्या वो. ह्यापरीस शेळीला जागा कमी लागती." ड्रायव्हरला उशीर होत होता, त्यानं हॉर्न दाबून धरला आणि तंटा तिथंच मिटला. शेळी बाकांच्या मधल्या वाटेत उभी राहिली, करडू वहिनींच्या पदरात. फाट्यापर्यंत शेळीनं कुणाला काही त्रास दिला नाही. तो लठ्ठ पाहुणा मात्र घोरत माझ्या खांद्यावर आला.

फाट्यावरून गाव तीन मैल. सव्वा मैल झाला आणि शेळी रस्त्याच्या मधोमध बसली. मी दोर ओढला. नर्सताईनं मागून ढकललं. वहिनी करडू पुढं धरून "ये ये" करत उलट्या चालत होत्या आणि त्या नादात मागच्या चारीत जाऊन बसल्या. करडू सुखरूप वर, वहिनी खाली. त्यांना वर काढायला मी दोर सोडला, तर शेळी उठून आपणहून गावाच्या दिशेनं चालू लागली. आता तिच्यामागं आम्ही तिघी पळतोय, एकीच्या लुगड्याला माती, एकीची चप्पल तुटलेली, असं दृश्य. तेवढ्यात समोरून सायकलवर गावातले दोघं जण आले. त्यांनी शेळी अडवली, दोर माझ्या हातात दिला, आणि एकजण मायेनं म्हणाला, "बाई, तुमच्या बदलीचं काय झालं?"

मी उत्तर देण्याआधी वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "ही काय. घेऊन चाललोय की."

आधी मला कळलंच नाही. मग नर्सताईचं ते भिंतीतून ऐकू येणारं हसू सुटलं, आणि मग मला आलं. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सायकलवाले गोंधळून उभे राहिले आणि मग बायकांचं काही खरं नसतं असं ठरवून निघून गेले. शेळीचं नाव तिथंच पडलं.

आता कोणी विचारलं, "बाई, बदली?" की मी सांगायचे, "गोठ्यात बांधलीय." "बाई, बदलीचं काही कळलं का?" "हो, आज शेरभर दूध दिलं." आठवड्याभरात विचारणाऱ्यांचीच पंचाईत झाली. काहींनी विचारणं सोडलं, आणि जे हुशार होते ते मुद्दाम, दिवसातून दोनदा विचारू लागले. मी पुन्हा पुढच्या रस्त्यानं शाळेत जाऊ लागले.

पहिला चहा मात्र भयंकर होता. शेळीच्या दुधाला वास असतो हे मला शहरात वाढल्यामुळं माहीत नव्हतं. मी कप नाकापासून लांब धरला. नर्सताईनं डोळे मिटून एका दमात संपवला आणि म्हणाली, "याहून वाईट औषधं मी लोकांना पाजलीत." दुसऱ्या दिवशी वहिनींनी गवती चहा आणि ठेचलेलं आलं घातलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून अर्धा कप जास्त मागितला.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी माझ्या खोलीत आम्ही तिघी बसायचो. स्टोव्हचा आवाज, आल्याचा वास, दाराशी करडाच्या उड्या. वहिनी सगळ्या गावाची बित्तंबातमी द्यायच्या आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी "मला काय करायचंय" म्हणायच्या. सासूबाईंच्या घरात नर्सताईसाठी कान तुटलेला वेगळा कप कोनाड्यात ठेवलेला असायचा. त्यामुळं तिथं चहा पिणं ती टाळायची, पण त्याबद्दल कधी बोलायची नाही. माझ्याकडं तीन सारखे कप होते, धुतल्यावर कुठला कोणाचा ते कळायचं नाही. एकदा सासूबाई आल्याच्या वासानं दारात येऊन उभ्या राहिल्या. वहिनींनी आपला कप विसळला आणि भरून त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी त्या कपाकडं पाहिलं, ओळीत ठेवलेल्या दुसऱ्या दोन कपांकडं पाहिलं. आम्ही तिघी स्टोव्हकडं बघत होतो. त्या उंबऱ्यावर बसल्या, फुंकर घालून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय." त्यानंतर त्या अधूनमधून यायच्या. कोनाड्यातला कप मात्र कोनाड्यातच होता, तो कोणी हलवला नाही.

डिसेंबरात वहिनी आठ दिवसांसाठी माहेरी गेल्या आणि धार काढायचं माझ्यावर आलं. मी शेळीखाली तांब्या धरून बसले. दोन थेंब आले आणि बंद. तेव्हा म्हातारीचं सांगणं आठवलं. पण शेळीशी बोलायचं काय? मी तिला नगरच्या ऑफिसची हकिकत सांगायला लागले. कारकून, फाइल, चष्मा. तिनं लाथ मारून तांब्या उपडा केला. तिला माझ्या दुःखात रस नव्हता. मग मला तोंडपाठ जे होतं ते मी सुरू केलं, म्हणजे पाढे. बे एके बे. शेळीनं कान टवकारले. पाचाच्या पाढ्याला पान्हा सुटला, सोळाच्या पाढ्यापर्यंत पावशेर झालं.

दोन दिवसांनी गोठ्याबाहेर शाळेतली पोरं जमू लागली. मी आत "सतरा एके सतरा" म्हणायचे आणि बाहेरून सगळी ओरडायची, "सतरा दुणे चौतीस." वर्गात ज्यांना बाराचा पाढा येत नव्हता त्यांनी वहिनी परत येईपर्यंत एकोणतीसपर्यंत मजल मारली. हेडमास्तर फिरत फिरत आले, गोठ्याच्या भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले, आणि अर्थातच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच सुमारास शेळीनं नर्सताईच्या केंद्रात शिरून पोस्टर खाल्लं. लाल त्रिकोण, हसणारे आई-बाप आणि दोन मुलं असं ते चित्र. शेळीनं नेमका बाप खाल्ला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब तपासणीला येणार होते आणि त्या चित्राचं दुसरं पोस्टर शिल्लक नव्हतं. नर्सताईनं उरलेलं तसंच भिंतीला लावलं. तपासणीच्या वेळी बसलेल्या एका बाईनं बारकाईनं बघत विचारलं, "ह्या पोरांचा बाप कुठं गेला?"

"ऑपरेशनला," नर्सताई म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी वही तोंडासमोर धरली. ती वही बराच वेळ हलत होती.

मला वाटायचं, नर्सताईला कधी उदास वाटतच नसेल. जानेवारीत एका सकाळी ती दूरच्या वस्तीवरून परत आली. आदल्या दिवसापासून ती तिथं एका बाळंतिणीपाशी होती. बाई वाचली, मूल वाचलं नाही. नर्सताईनं हे एका वाक्यात सांगितलं, हात धुतले आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली. दिवसभर भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. नाडी बघणं मला येत नव्हतं.

"बोलू नका काई," वहिनी म्हणाल्या. "माळावर बोरं पिकली असतील."

रविवार होता. आम्ही तिच्या खोलीत गेलो आणि वहिनींनी फक्त तिच्या चपला खाटेजवळ आणून ठेवल्या. ती उठली. वाद घालायलाही त्राण लागतं, ते तिच्यात नव्हतं. तिघी, मागं शेळी आणि करडू, असे माळावर गेलो. पाऊस नसला तरी बोरींना त्याचं सोयरसुतक नसतं. झाडं लालपिवळी भरली होती. वहिनी काठीनं झोडपत होत्या, मी वेचत होते, काट्यांनी दोघींचे हात ओरबाडले. नर्सताई दगडावर बसून होती. मी तिच्या ओच्यात मूठभर बोरं टाकली. बराच वेळ तिनं हात लावला नाही. मग एक खाल्लं. मग थोडं रडली, आवाज न करता. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून बोरं खात राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं वहिनींनी एक बी तोंडातून जोरात उडवली. ती समोरच्या दगडाला टक्कन लागली.

मी उडवली. माझी माझ्याच पायाशी पडली.

नर्सताईनं नाक पुसलं, दगडाकडं डोळे बारीक करून बघितलं आणि उडवली. तिची दगडाच्या वीतभर अलीकडं पडली. वहिनींनी दुसरी उडवली, ती दगड ओलांडून शेळीच्या पाठीवर. शेळीनं मान वळवून आमच्याकडं अशी नजर टाकली की तिघींना आपापली वयं आठवली. एक सरकारी नर्स, एक मास्तरीण आणि एक दोन पोरांची आई.

"मी जिंकले," वहिनी म्हणाल्या.

"कशी जिंकलीस?" नर्सताई उठून उभी राहिली. पदर खोचला, ओच्यातून चांगलं टपोरं बोर निवडलं. "माझ्याकडनं वारा उलटा होता. जागा बदल. परत घे."

वहिनी जागेवरून हलायला तयार नव्हत्या. दोघींची चांगलीच जुंपली, आणि मला पंच म्हणून दगडापाशी नेऊन उभं केलं.